अग्निशमन दलाचे वॉकीटॉकी: ॲनालॉग की डिजिटल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जवान, फायर ऑफिसर, कंट्रोल रूममधले ऑपरेटर आणि ज्यांच्या टेबलावर खरेदीची फाइल येऊन पडली आहे असे अधिकारी, या सगळ्यांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. मी सेट प्रोग्राम करणं, दुरुस्त करणं आणि वापरायला शिकवणं या कामात बरीच वर्षं घालवली आहेत, त्यामुळे मधूनमधून माझी मतंही येतील. खाली ‘सेट’ म्हणजे हातातला वॉकीटॉकी आणि ‘बीए सेट’ म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरचा श्वसनसंच.

१. ॲनालॉग आणि डिजिटल यांत नेमका फरक काय? दोन्हींत बटण दाबूनच बोलतो ना?

बटण तेच, लहरीही रेडिओच्याच. फरक आहे तो आवाजाचं पुढे काय होतं यात. ॲनालॉग एफएम सेटमध्ये तुमच्या आवाजाच्या चढउताराप्रमाणे लहरीची वारंवारता हलते आणि समोरचा सेट त्या हालचालीतून पुन्हा आवाज काढतो. यातला आवाज कोणता आणि गोंगाट कोणता, हे मधे कुणीच ठरवत नाही.

डिजिटल सेट आवाजाचे बारीक तुकडे करतो. पी२५ आणि डीएमआर या डिजिटल पद्धतींमध्ये (प्रश्न १३) तुकडा २० मिलिसेकंदांचा असतो. प्रत्येक तुकड्याचं तो आकड्यांत वर्णन करतो: पट्टी किती, जोर किती, स्वर आहे की नुसता श्वास. हे आकडे पाठवले जातात आणि समोरचा सेट त्यांवरून नवा आवाज तयार करतो. म्हणजे डिजिटल सेटमधून तुमच्या कानावर येतो तो सहकाऱ्याचा आवाज नसतो, त्या आवाजाच्या वर्णनावरून बनवलेली नक्कल असते. नक्कल बहुतेक वेळा उत्तम असते. कधी फसते, ते प्रश्न ३ मध्ये.

२. डेमोला डिजिटलचा आवाज काचेसारखा स्वच्छ होता. मग वाद कशाचा?

डेमो कुठे झाला होता? ऑफिसात किंवा आवारात, मास्क न घालता, पंप बंद असताना. तिथे डिजिटल जिंकणारच. सेट चांगला चालतो तेव्हा कसा चालतो हे बघून खरेदी केली की पस्तावायची वेळ येते. तो बिघडताना कसा बिघडतो, ते बघायला हवं.

सिग्नल कमी होत गेला की ॲनालॉगमध्ये खरखर वाढत जाते. आधी थोडी, मग जास्त, मग शब्द अर्धवट. पण त्या खरखरीतूनच कळतं की आत गेलेला जवान रेंजच्या काठावर आहे. अनुभवी ऑफिसर खरखर ऐकूनच ‘दोन पावलं मागे ये’ म्हणतो. डिजिटलमध्ये चुका दुरुस्त करण्याची सोय असल्यामुळे सिग्नल कमी झाला तरी आवाज बराच वेळ स्वच्छ राहतो. त्या सोयीची मर्यादा संपली की थोडा वेळ तुटक, पाण्यात बुडबुडल्यासारखा आवाज येतो आणि मग एकदम शांतता. उतार नाही, कडा आहे. ही शांतता म्हणजे तो काही बोललाच नाही की बोलला पण पोचलं नाही, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी: जिथे ॲनालॉगवर ‘पुन्हा सांग, पुन्हा सांग’ चाललेलं असतं, त्या मधल्या पट्ट्यात डिजिटल अगदी व्यवस्थित ऐकू येतं. मोकळ्या जागेत, वाहनातून कंट्रोलशी बोलताना हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे.

३. मास्क लावून बोललो, बाजूला कटर चालू होता, तर डिजिटल सेटवर माझा आवाज रोबोटसारखा गेला. सेट खराब आहे का?

सेट बहुधा ठीक आहे. इथे आवाजाचं वर्णन करणारा भाग अडखळला. त्याला व्होकोडर म्हणतात, आणि या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

व्होकोडर माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला आहे. गळ्यातून निघणारा आवाज, त्याची पट्टी, तोंडाने त्याला दिलेला आकार, एवढंच तो शोधतो. एका वेळी एकच जण बोलतोय हे त्याने गृहीत धरलेलं असतं. आता त्याच २० मिलिसेकंदांच्या तुकड्यात तुमच्या शब्दाबरोबर कटरची किंचाळीही आली. कटरला तर माणसापेक्षा ठळक पट्टी असते! मग व्होकोडर वर्णन करतो ते कटरचं, किंवा दोघांची खिचडी करतो. समोरच्या स्पीकरमधून जे येतं त्यात ना कटर ओळखू येत, ना शब्द. ॲनालॉगमध्ये कटर आणि माणूस दोघंही जसेच्या तसे जातात आणि गोंगाटातून शब्द वेचायचं काम ऐकणाऱ्याचा मेंदू करतो. या कामात मेंदू फार तरबेज आहे, भर बाजारात आपल्या नावाची हाक बरोबर ऐकू येते ती त्यामुळेच. पण जे वर्णनातच आलं नाही ते मेंदू कुठून वेचणार?

त्यात मास्क. मास्कमधून आवाजातली उंच पट्टी गाळली जाते आणि स, श, त, प, फ ही व्यंजनं एकमेकांसारखी होतात. व्होकोडरकडे आधीच बोथट झालेला आवाज पोचतो.

अमेरिकेच्या एनटीआयए या सरकारी संस्थेच्या बोल्डर इथल्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये यावर चाचण्या प्रसिद्ध केल्या. आगीच्या ठिकाणचे गोंगाट लावून, मास्कसह आणि मास्कशिवाय, २५ किलोहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवरचा ॲनालॉग, १२.५ किलोहर्ट्झचा ॲनालॉग आणि पी२५ डिजिटल यांवरून शब्द ऐकवले आणि ऐकणाऱ्यांना कोणता शब्द कळला ते मोजलं. शांत जागी तिन्ही जवळपास सारखे ठरले. गोंगाटात मात्र अनेक ठिकाणी ॲनालॉग पुढे राहिलं. आणि काही गोंगाट असे निघाले की त्यांत कुठल्याच पद्धतीने धड काही कळेना. हा शेवटचा निष्कर्ष लोक विसरतात. ॲनालॉग म्हणजे जादू नव्हे.

त्यानंतर व्होकोडर सुधारले, गोंगाट दाबणारी सोय आली, दोन-तीन माइक असलेले सेट आले. आजचा चांगला डिजिटल सेट २००८ च्या सेटपेक्षा बराच पुढे आहे. पण किती पुढे, ते तुमच्या मास्कवर आणि तुमच्या कटरजवळ तपासल्याशिवाय मानू नका. कसं तपासायचं ते प्रश्न १९ मध्ये.

४. मग मास्क लावून बोलताना आवाज नीट जावा म्हणून काय करायचं?

माइक मास्कच्या बोलण्याच्या जाळीसमोर धरा, अगदी टेकवला तरी चालेल. मास्क नसेल तर तोंडापासून तीन-चार सेंटिमीटर. कॉलरला लटकवलेल्या माइकवर मान वाकवून बोलायची सवय बहुतेकांना असते. तसं केलं की माइकला तुमच्यापेक्षा पंप जास्त ऐकू येतो. गोंगाटाकडे पाठ करा, दुसऱ्या हाताच्या ओंजळीने माइक झाका.

ओरडू नका. ओरडल्याने माइकची क्षमता संपते आणि आवाज फाटतो, आणि व्होकोडरला फाटलेला आवाज मुळीच मानवत नाही. ठणठणीत पण एका लयीत बोला.

शब्द निवडताना आपल्या भाषेतले धोके ओळखा. ‘पाणी पाठवा’ आणि ‘पाणी थांबवा’ मास्कमधून सारखेच ऐकू येतात. एका सरावात मी स्वतः उलट आदेश ऐकून व्हॉल्व्ह बंद करायला धावलो होतो. ‘पाणी चालू’ आणि ‘पाणी बंद’ म्हणा. आकड्यांचंही तसंच. त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर यांची शेपटं सेटवर विरघळून जातात, म्हणून ‘पाच-तीन’, ‘सहा-तीन’ असे सुटे अंक सांगा. आणि ऐकणाऱ्याने आदेश परत म्हणून दाखवायचा. नुसतं ‘रॉजर’ म्हटल्याने काय ऐकलं ते कळत नाही.

५. रेंज कुणाची जास्त?

तेवढ्याच पॉवरचे, त्याच बँडमधले (वारंवारतेच्या पट्ट्यातले) सेट असतील तर समजेल असा आवाज डिजिटलमध्ये जरा लांबपर्यंत जातो. पण नुसता ‘कुणीतरी काहीतरी बोलतंय’ एवढं कळण्याचं अंतर ॲनालॉगचं जास्त असतं. अडकलेल्या माणसाच्या बाबतीत हे दुसरं अंतरही मोलाचं आहे.

६. रस्त्यावर सेट मस्त चालतो, तळघरात गेलं की मुका होतो. डिजिटल घेतल्याने सुटेल का?

नाही. काँक्रीट, सळ्या, धातूचा मुलामा असलेल्या काचा आणि माती यांना तुमचा सेट कुठल्या पद्धतीचा आहे याच्याशी देणंघेणं नसतं. तळघरातून सिग्नलच बाहेर येत नसेल तर ॲनालॉग खरखरत मरेल आणि डिजिटल गुपचूप.

बँडमुळे फरक पडतो. १५० मेगाहर्ट्झची लहर साधारण दोन मीटर लांब असते, ४५० मेगाहर्ट्झची साधारण ६७ सेंटिमीटर. लहान लहर खिडक्या, दारं, जिन्याच्या पोकळीतून सहज आत शिरते, म्हणून इमारतीत यूएचएफ (४५० च्या आसपासचा बँड) बरं पडतं. डोंगरदऱ्यांत, जंगलातल्या वणव्यात व्हीएचएफ (१५० च्या आसपासचा). सेट कुठे अडकवलाय यानेही फरक पडतो. कमरेला, अंग आणि बीए सेटच्या सिलिंडरच्या मधे दबलेला अँटेना अर्धमेला असतो. छातीवर उंच लावला तर त्याच सेटची रेंज वाढल्यासारखी वाटते.

बाकी उपाय इमारतीचे आहेत: आतच बसवलेले सिग्नल वाढवणारे संच, किंवा बोगद्यात टाकतात तशी वाटेत सिग्नल झिरपत ठेवणारी केबल. ते नसेल तर जिन्यात किंवा दारात एक माणूस उभा करून निरोप पुढे द्यायचा. ऐकायला जुनाट वाटतं, पण हमखास चालतं.

७. आगीच्या जागी चॅनेल कोणता: थेट, रिपीटर की ट्रंकिंग?

थेट म्हणजे सिम्प्लेक्स: सेट ते सेट, मधे कुणी नाही. रिपीटर म्हणजे उंचावरचं यंत्र तुमचं ऐकून जास्त पॉवरने पुन्हा सोडतं. ट्रंकिंगमध्ये मध्यवर्ती संगणक प्रत्येक बोलण्याला मोकळी वारंवारता नेमून देतो. यंत्रणेशी संपर्क तुटला की सेट नकाराचा टोन देतो आणि बोलूच देत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: इमारतीत शिरणाऱ्या टीमसाठी थेट चॅनेल. दहा मीटरवर असलेल्या दोन जवानांचं बोलणं सात किलोमीटरवरच्या टॉवरवर अवलंबून का ठेवायचं? बाहेरचा ऑफिसर आणि कंट्रोल यांच्यातलं बोलणं रिपीटर किंवा ट्रंकिंगवर असू द्या. टेट्रा ही डिजिटल पद्धत वापरणाऱ्यांनी हेच ‘डीएमओ’ म्हणजे थेट आणि ‘टीएमओ’ म्हणजे यंत्रणेमार्फत, असं वाचावं. एक डीएमओवर आणि दुसरा टीएमओवर असेल तर, मधे दोन्हींना जोडणारा गेटवे नसल्यास, दोघं शेजारी उभे राहूनही एकमेकांना ऐकू शकत नाहीत.

मधल्या यंत्रावर भिस्त ठेवली की काय होऊ शकतं, याचं उदाहरण नोंदलेलं आहे. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ च्या बॉम्बस्फोटानंतर अग्निशमन दलासाठी रिपीटर बसवला होता. ११ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी तो चालू करणारं एक बटण दाबलं गेलं, पण मुख्य हँडसेटवरून बोलण्यासाठी लागणारं दुसरं बटण दाबलंच गेलं नाही. उत्तर मनोऱ्याच्या लॉबीत प्रमुखांनी चाचणी घेतली, पलीकडून प्रतिसाद आला नाही, रिपीटर बंद आहे असं समजून त्यांनी तो सोडून दिला. यंत्र चालू होतं. चौकशी आयोगाच्या अहवालात हे तपशीलवार आहे. आणि ही यंत्रणा ॲनालॉग होती, हेही लक्षात असू द्या.

८. न्यूयॉर्कने डिजिटल सेट वाटून परत घेतले होते, हे खरं आहे का?

खरं आहे. मार्च २००१ मध्ये तिथल्या दलाने नवे डिजिटल सेट वापरात आणले आणि काही दिवसांतच मागे घेतले, कारण घराच्या तळघरात अडकलेल्या जवानाची मदतीची हाक जवळच्या सहकाऱ्यांना ऐकू गेली नाही. नंतर तेच सेट ॲनालॉगवर प्रोग्राम करून पुन्हा वापरात आले. यावरून ‘डिजिटल वाईट’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. मला यातून वेगळंच दिसतं: जुन्या पद्धतीचा कान तयार झालेल्या माणसांच्या हाती पुरेशा सरावाशिवाय नवी पद्धत देऊ नये.

९. दोघं एकाच वेळी बोलले तर?

ॲनालॉगमध्ये ज्याचा सिग्नल जोरदार तो ऐकू येतो. दोघं सारखेच असतील तर शिट्टी किंवा घर्रर्र असा आवाज येतो. त्रासदायक खरा, पण त्यावरून कळतं की दोघं बोलले. ऑफिसर विचारू शकतो, ‘दुसरं कोण बोललं?’ डिजिटलच्या थेट चॅनेलवर जोरदार सिग्नल जिंकतो आणि दुसऱ्याचा मागमूस राहत नाही, किंवा दोघंही गायब होतात. काही सेट चॅनेल भरलेला असेल तर बटण दाबूनही बोलू देत नाहीत. शिस्तीसाठी चांगली सोय, पण आगीच्या चॅनेलवर ती ‘तरीही बोलू द्या’ अशी प्रोग्राम करून घ्यावी.

१०. बोलण्यातला पहिला शब्द कापला जातो. कुणाची चूक?

थोडी सेटची, बरीच आपली. डिजिटल सेटला बटण दाबल्यावर ओळखीची माहिती पाठवायला, रिपीटर जागा करायला, ट्रंकिंग असेल तर वारंवारता मिळवायला क्षणभर लागतो. परवानगीचा टोन ऐकून मगच बोला. टोन नसेल तर मनात ‘एक’ म्हणा. शिवाय व्होकोडर आणि चूकदुरुस्तीमुळे संपूर्ण आवाज सेकंदाचा काही भाग उशिरा पोचतो.

पण मराठीत बोलणाऱ्यांना जास्त भीती शेवटच्या शब्दाची. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘आत जाऊ नका’ म्हणताना घाईने अंगठा उचलला की समोर पोचतं ‘आत जाऊ’. हे मी सराव मैदानावर माझ्या कानांनी ऐकलंय, आणि पोरं खरंच आत निघाली होती. म्हणून नकार आधी: ‘थांबा. आत जाऊ नका. थांबा.’ आणि वाक्य संपल्यावर अर्धा सेकंद बटण दाबून ठेवा.

११. शेजारी उभं राहून बोललो तर घुमतं किंवा शिट्टी वाजते. का?

ॲनालॉगमध्ये शेजारच्या सेटच्या स्पीकरचा आवाज तुमच्या माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. डिजिटलमध्ये आवाज उशिरा येत असल्यामुळे शिट्टीऐवजी प्रतिध्वनी येतो, आणि स्वतःचेच शब्द मागून ऐकू आले की बोलणारा अडखळतो. दोन पावलं बाजूला व्हा किंवा शेजाऱ्याचा आवाज कमी करा.

१२. इमर्जन्सी बटण दाबलं की काम झालं ना?

त्यावर पूर्ण विसंबू नका. डिजिटल सेटवर ते बटण तुमची ओळख पाठवतं, काही सेट माइकही आपोआप उघडतात. ॲनालॉगवरही टोनच्या सांकेतिक पद्धतीने ओळख पाठवता येते. पण तो संदेश जातो कुठे? थेट चॅनेलवर असाल आणि कंट्रोल रेंजबाहेर असेल तर तुमचा नंबर फक्त शेजारच्या सेटच्या पडद्यावर दिसेल, आणि त्याने तो बघितला तर. काही सेट बटण दाबताच स्वतःहून दुसऱ्या चॅनेलवर उडी मारतात आणि बाहेरचे सगळे जुन्याच चॅनेलवर तुम्हाला शोधत बसतात. ही उडी कुणी, का प्रोग्राम केली ते आजच विचारा.

क्रम असा ठेवा: आधी तोंडाने ‘मेडे, मेडे, मेडे’ (जीव धोक्यात असल्याची हाक), कुठे आहे, कोण आहे, हवा किती आहे, काय हवं आहे. मग इमर्जन्सी बटण. हालचाल थांबल्यावर वाजणारा अंगावरचा अलार्म हाताने चालू करायचा तो सगळ्यात शेवटी, कारण तो वाजायला लागला की सेटवर तुमचं बोलणं कुणालाच कळणार नाही (प्रश्न ३).

१३. पी२५, टेट्रा, डीएमआर म्हणजे काय? एकमेकांशी बोलतात का?

तिन्ही डिजिटल पद्धती आहेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत. पी२५ अमेरिकेतल्या आणीबाणी सेवांतून आली. तिच्या पहिल्या टप्प्यात १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलवर सेकंदाला ९६०० बिट जातात, त्यांपैकी आवाजाला ४४००, चूकदुरुस्तीला २८०० आणि बाकीचे २४०० इतर माहितीला. टेट्रा युरोपातून आली, २५ किलोहर्ट्झमध्ये एका वेळी चार बोलणी बसवते. डीएमआरही युरोपीय मानक, १२.५ किलोहर्ट्झमध्ये ३० मिलिसेकंदांच्या पाळीने दोन बोलणी चालवते, आणि सेट तुलनेने स्वस्त. मदतीला येणाऱ्या शेजारच्या दलाकडे वेगळी पद्धत असेल तर आणि सेटमध्ये ॲनालॉगची सोय असेल तर एका ॲनालॉग चॅनेलवर सगळ्यांना आणणं, हा अजूनही सगळ्यात सोपा तोडगा आहे.

१४. ॲनालॉग कायद्याने बंद होणार, असं विक्रेता सांगतो. खरं का?

हा गोंधळ बहुतेक अमेरिकेतल्या एका नियमावरून पसरला. तिथे १ जानेवारी २०१३ पर्यंत ठरावीक व्हीएचएफ आणि यूएचएफ बँडमधल्या परवानाधारकांना २५ वरून १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलवर यावं लागलं. चॅनेल अरुंद करायचा होता, ॲनालॉग सोडायचं नव्हतं. अरुंद ॲनालॉग चालतं. स्वतःच्या परवान्यात काय लिहिलंय ते वाचा, विक्रेत्याच्या पत्रकात नाही.

अरुंदीकरणाचा एक छुपा तोटा आहे: ताफ्यातला एखादा सेट अजून रुंद चॅनेलवर प्रोग्राम केलेला असेल तर त्याला बाकीच्यांचा आवाज बारीक येतो आणि त्याचा आवाज बाकीच्यांना फाटका. ‘माझ्या सेटचा स्पीकर गेलाय’ म्हणून जे सेट दुरुस्तीला येतात, त्यांत असे बरेच निघतात.

१५. काही सेट जुने, काही नवे. एकत्र चालतील?

पी२५ आणि डीएमआरचे बहुतेक नवे सेट ॲनालॉग चॅनेलवरही चालतात (टेट्राचे सहसा नाही), जुने ॲनालॉग सेट डिजिटलवर नाही. म्हणून बदलाच्या काळात आगीचा चॅनेल सगळ्यांसाठी ॲनालॉगच ठेवा. ‘स्कॅन’ लावून दोन्ही ऐकू, असा विचार करत असाल तर थांबा: स्कॅन करणारा सेट दुसरीकडे बघत असताना हाकेचा सुरुवातीचा भाग निसटतो, आणि उत्तर कुठल्या चॅनेलवर गेलं याचा पत्ता लागत नाही.

डिजिटल चॅनेलवर कलर कोड, स्लॉट किंवा टॉकग्रुप या सेटिंगपैकी एक जरी चुकलं तरी पूर्ण शांतता. ॲनालॉगवर चॅनेलचा ओळख-टोन जुळला नाही तर मॉनिटर बटण (टोन न तपासता सगळं ऐकू देणारं) दाबून ऐकता तरी येतं.

१६. एन्क्रिप्शन (किल्ली असलेल्या सेटलाच बोलणं कळेल अशी सोय) लावावं का?

आगीच्या चॅनेलवर नाही. एका सेटची किल्ली जुळली नाही तर तो जवान बहिरा. गोपनीय बोलण्यासाठी वेगळा चॅनेल ठेवा.

१७. उष्णतेत, पाण्यात कुठला सेट टिकतो? आणि गॅस असेल तिथे?

ॲनालॉग-डिजिटलचा यात संबंध नाही. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने आगीच्या ठिकाणच्या उपकरणांसाठी उष्णतेचे वर्ग सुचवले: पहिला १०० अंश सेल्सियस, दुसरा १६०, तिसरा २६० आणि चौथा त्यापुढचा. हवेच्या भट्टीत उघडा ठेवलेला सेट आणि फायर सूटच्या खिशात ठेवलेला सेट यांच्या नशिबात जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून खिसा वापरा. धोक्यात असलेल्या भागात नेण्याच्या सेटसाठी अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचं १८०२ हे वेगळं मानक २०२१ मध्ये आलं. खरेदीच्या अटींत त्याचा विचार करा.

सगळ्यात आधी जाते ती खांद्यावरच्या माइकची वायर. तिचं आवरण वितळून आतल्या तारा चिकटल्या की बटण दाबल्यासारखं होतं, सेट सतत प्रक्षेपण करतो आणि थेट चॅनेल सगळ्यांसाठी बंद पडतो. वायर कोटाच्या आतून घ्या. सेटमध्ये सलग बोलण्याची कालमर्यादा चालू आहे का, तेही पाहा.

ज्वलनशील वायू असेल तिथे ठिणगी-सुरक्षित प्रमाणित सेट आणि त्याचीच प्रमाणित बॅटरी हवी. असे बरेच सेट कमी पॉवरचे असतात, म्हणजे रेंज कमी. दोन्ही हवं म्हणून साधी बॅटरी लावणं हा भलताच धोका.

१८. मोबाइल नेटवर्कवरचा पुश-टू-टॉक (फोनवरून वॉकीटॉकीसारखं बटण दाबून बोलणं) घेतला तर?

कंट्रोल, वरिष्ठ, दूरच्या गाड्या यांच्यासाठी छान. मोबाइल मानकांत आणीबाणी सेवांसाठीचा पुश-टू-टॉक २०१६ पासून आहे. पण जळत्या इमारतीच्या आत नेटवर्क असेलच, यावर जीव टांगू नका. प्रश्न ७ मधला युक्तिवाद इथे दुपटीने लागू होतो.

१९. खरेदीआधी चाचणी कशी घ्यावी?

विक्रेत्याच्या माणसाला बोलू देऊ नका. तुमचे दोन जवान, तुमचाच मास्क, तुमचाच बीए सेट. जिथे सेट खरंच मुके होतात ती तळघरं आणि जिने निवडा. पंप चालू ठेवा, कटर चालू ठेवा, हवा संपत आल्याची शिट्टी आणि अंगावरचा अलार्म वाजू द्या, एकेक करून.

आतल्या जवानाला पंचवीस छोट्या आदेशांची चिठ्ठी द्या, त्यात मुद्दाम सारखे ऐकू येणारे शब्द आणि आकडे घाला. बाहेरच्याने जे ऐकू आलं ते लिहायचं, अंदाज बांधायचा नाही. मग तीच चिठ्ठी, क्रम बदलून, दुसऱ्या सेटवर. ऐकणारेही बदला, कारण तरुण कान आणि वीस वर्षं सायरनखाली काढलेले कान एकसारखे नसतात. ऐकणाऱ्याला सेट कोणता ते सांगू नका. नवा सेट दिसला की लोकांना तो स्पष्ट ऐकू यायला लागतो.

शेवटी आतल्या जवानाला हळूहळू रेंजबाहेर चालवत न्या. बाहेरच्याने ज्या क्षणी ‘हा आता जातोय’ असं वाटलं तो क्षण लिहून ठेवायचा, आणि खरोखर संपर्क तुटला तो क्षणही. या दोहोंत किती पावलं मिळाली ते मोजा. निविदेच्या अटींत ही पावलं कुणी लिहीत नाही. मी मात्र प्रत्येक चाचणीत त्यांचा वेगळा रकाना आखतो.